आवाज ऐकवणारा प्रत्यय

ग्रीनलँडिकमध्ये, म्हणजे ग्रीनलँडच्या मूळ लोकांच्या भाषेत, प्रत्येक आवाजाला वेगळा शब्द असतो असं कुणी म्हटलं, तर ते मला अर्धंच पटतं. शब्द तयार ठेवलेले नसतात, बोलणारा ते जागच्या जागी जोडतो. 'निपि' म्हणजे आवाज. 'निपितुवोक' म्हणजे मोठ्या आवाजाचा आहे, 'निपिकिप्पोक' म्हणजे हळू आवाजाचा, आणि 'निपाप्पोक' म्हणजे आवाजच नाही, शांत आहे. संगीतसुद्धा याच 'निपि'वरून, 'निपिलेर्सोर्नेक'. (शेवटचा 'क' पार पडजिभेपाशी उच्चारतात, देवनागरीत तो काही नीट उतरत नाही.)

पण खरी गंमत '-पालुप्'ची आहे. हा प्रत्यय आवाजाच्या शब्दाला नाही, साध्या क्रियापदाला लागू शकतो. 'नक्कर्पोक' म्हणजे तो पडला. मध्ये '-पालुप्' घातला की 'नक्कर्पालुप्पोक', म्हणजे तो पडल्याचं ऐकू आलं. 'धप्प' वगैरे म्हणायची गरजच नाही, आणि पडताना पाहिलं नाही, कानाने कळलं, हेही त्यातून सांगता येतं. आपल्या '-आट'चं काम याच्या उलट. खडखडाट, गडगडाट, किलबिलाट करायला आधी नादाचा शब्द हातात लागतो. 'पड'चं 'पडाट' कुणी करत नाही. मात्र '-पालुप्' निव्वळ कानापुरता नाही. दिसण्यावरून 'असं वाटतंय' म्हणायलाही तोच चालतो, त्यामुळे सुटा शब्द वाचून ऐकलं की पाहिलं हे सांगता येत नाही, आजूबाजूची वाक्यं बघावी लागतात.