मदत हवी आहे: एस्टोनियाच्या संशोधनाची तुलना नेमकी कशाने करावी?

एम.ए.च्या प्रबंधासाठी एस्टोनियाची (लोकसंख्या जेमतेम १४ लाख) संशोधनातली कामगिरी फिनलंड, लाटव्हिया आणि लिथुएनियाशी ताडून बघतेय. शिमॅगो या शोधनिबंधांची आकडेवारी देणाऱ्या संकेतस्थळावरून देशवार आकडे उतरवून घेतले. एच-निर्देशांक (एच इतके लेख, प्रत्येकाला किमान एच उद्धरणं) लावला की मोठा देश आपोआप वर जातो, म्हणून तो बाद केला. दर लेखामागे उद्धरणं (इतरांच्या लेखांत त्याचा किती वेळा संदर्भ आला) काढली, तर एस्टोनिया एकदम वर!

पण खरी गोम इथेच आहे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस गटाचा २०१२ चा हिग्ज बोसॉन या कणावरचा शोधनिबंध घ्या. जवळपास तीन हजार लेखक, त्यात एस्टोनियाच्या राजधानीतल्या, टॅलिनमधल्या संस्थेतले मोजकेच. तरी पूर्ण मोजणीत एस्टोनियाच्या खात्यात अख्खा एक लेख आणि त्याची सगळी उद्धरणं जमा. मोठ्या देशाच्या सरासरीत असा लेख विरून जातो, छोट्या देशाची सरासरी मात्र फुगते. एस्टोनियातल्याच तार्तूच्या जनुकपेढीमुळे (लोकांचे जनुकीय नमुने साठवणारी संस्था) होणाऱ्या मोठ्या सहयोगी अभ्यासांचंही तेच. पण ते काम त्यांचंच आहे, सरसकट वगळणं मला पटत नाही.

कॉलेजात वेब ऑफ सायन्स नाही, स्कोपसही नाही (दोन्ही उद्धरणांचे सशुल्क डेटाबेस). ओपनअ‍ॅलेक्स हा मोफत डेटाबेस चालेल, पायथन कामापुरतं येतं. लायडन क्रमवारी पाहिली, पण ती विद्यापीठांची आहे, देशांची नाही. संशोधनावरच्या खर्चाचे आकडे आहेत, ते नकोत.

तर अंशात्मक मोजणी (एका लेखाचं श्रेय वाटून देणं) करताना वाटा लेखकांच्या संख्येवर पाडायचा की देशांच्या? आणि शंभरावर लेखक असलेले लेख ठेवून व काढून असे दोन्ही निकाल दिले, तर परीक्षकांना चालतं का?