मागची भिंत फुगलीय, बघा जरा

सावंत वहिनी: मागच्या रिटेनिंग वॉलचा, म्हणजे उताराची माती अडवणाऱ्या भिंतीचा फोटो टाकलाय. कालच्या पावसात पोट पुढे आलंय आणि पाणी जायच्या पाईपांतून एक थेंब येत नाहीये. मे महिन्यातच बोंबलत होते मी, तेव्हा सगळ्यांना पिकनिक महत्त्वाची.

मोने काका: घाबरू नका वहिनी, मलबार हिल अख्खा खडक आहे. बाणगंगा तलाव शिलाहारांच्या काळापासून जागचा हलला नाही.

केतन: काका, बाणगंगा खाली समुद्राला लागून, आपण उतारावर. ५ ऑगस्ट २०२० विसरलात? रिज रोड खचला आणि माती झाडांसकट खाली ह्यूजेस रोडवर आली. खडक असेल हो, पण वरची माती पाणी पिऊन जड होते, निचरा झाला नाही की ते पाणीच भिंतीला ढकलतं

मोने काका: रिज रोड काय, बाळ गंगाधर खेर मार्ग म्हणा. मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री होते ते.

केतन: म्हणतो. खचला तोच.

परब ए विंग: व्हिजिटर पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची??

शिरीष: म्हणून सांगतोय, रीडेव्हलपमेंटला हो म्हणा. होमी भाभांचा मेहरांगीर बंगला २०१४ ला ३७२ कोटींना गेला, आपण अजून प्लास्टरच मारतोय

सावंत वहिनी: गेला आणि २०१६ ला पाडला पण. शिरीषभाऊ, तुमचा बिल्डर तीन मजली बेसमेंट खोदणार तो याच भिंतीच्या पायाशी ना?

सेक्रेटरी: कृपया सर्वांनी संयम ठेवावा. विषय कमिटीसमोर आहे.

मोने काका: मुळात इथे भाव आला गव्हर्नरमुळे. परळच्या बंगल्यात फर्ग्युसनसाहेबाची बायको कॉलऱ्याने गेली, मग १८८५ ला गव्हर्नमेंट हाऊस मलबार पॉइंटला हललं, तेच पुढे राजभवन झालं, आता लोकभवन. त्याआधी

विजय: काका, भिंत पडली की आपण सगळे कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात शिफ्ट होऊ 😂 वरचा मजला माझा

परब ए विंग: पांढरी गाडी कोणाची??

नीलिमा ताई: राग मानू नका पण बोलतेच. २०२३ ला हँगिंग गार्डनखालच्या पाण्याच्या टाकीसाठी ३८९ झाडांचा प्रश्न आला तेव्हा मी पण सह्या गोळा करत फिरले. पण इथे भिंतीतच पिंपळ उगवलाय, मुळांनी दगड सुटलेत आणि तो काढायचा नाही, का तर परबांच्या आई रोज पाणी घालतात.

परब ए विंग: आईला मध्ये आणायचं काम नाही. शनिवारी त्याच पिंपळाला तुम्ही पण प्रदक्षिणा घालता. आणि गाडी कोणाची ते सांगा आधी

सावंत वहिनी: पाईप मोकळे करायला उद्या सकाळी माणूस येतोय. पैसे सोसायटी देणार की मीच भरू?

सेक्रेटरी: ठरावाशिवाय खर्च मंजूर होत नाही याची नोंद घ्यावी.

केतन: वॉचमन म्हणतो पांढरी गाडी मोने काकांच्या जावयाची आहे

मोने काका: हो. तो स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. भिंत बघायला मीच बोलावलाय, उगाच बोभाटा नको म्हणून बोललो नाही.

सावंत वहिनी: मग पाठवा त्यांना मागे, मी छत्री घेऊन उतरतेय.