लेबलवर एस्तेसोच्या विधवेचं नाव आहे, मग ही फ्लामेंको गिटार बनवली कोणी?

मामाची_गिटार

नमस्कार मंडळी. माझे मोठे मामा मालवाहू जहाजावर इंजिनियर होते. सत्तरच्या दशकात बार्सिलोनाला त्यांनी एक जुनी गिटार विकत घेतली. आता मामीने ती मला दिलीय. आत लेबल आहे: ‘विउदा ई सोब्रिनोस दे दोमिंगो एस्तेसो, ग्राविना ७, माद्रिद’, म्हणजे एस्तेसोची विधवा आणि भाचे-पुतणे. खाली शाईने १९५२. मागचं आणि बाजूचं लाकूड पिवळट, सायप्रस असावं. तबली (वरची फळी) स्प्रूसची. व्हायोलिनसारख्या लाकडी खुंट्या. घोडीपासून नटपर्यंत (डोक्याजवळची खाचांची पट्टी) तारेची लांबी ६५५ मिमी. वजनाला इतकी हलकी की पहिल्यांदा उचलली तेव्हा रिकामी पेटीच उचलली असं वाटलं.

एका दुकानदाराने बघताक्षणी सांगितलं, “खुद्द एस्तेसोची आहे, लाखांत जाईल.” ऑफिसातला मित्र म्हणतो, लेबल प्रिंटरवर काढलेलं आहे. विकायची नाहीये. पण मामी रोज विचारते, “कळलं का रे कुणाची ते?” तिला काय सांगू?

लावापिएसकर

मी माद्रिदला राहतो. नोकरी वेगळी आहे, पण शनिवार-रविवार जुन्या गिटारींची डागडुजी करतो.

आधी दुकानदाराचं निकालात काढू. दोमिंगो एस्तेसो हा माद्रिदचा नावाजलेला गिटार कारागीर, तो १९३७ साली वारला. १९५२ची गिटार त्याच्या हातची असणं शक्य नाही, आणि लेबल तसा दावाही करत नाहीये. तो गेल्यावर ग्राविना रस्त्यावरचं दुकान त्याच्या बायकोने चालू ठेवलं आणि बाकावर घरचीच पोरं बसली: फाउस्तिनो, मारियानो आणि हुलिओ कोंडे. पुढे फ्लामेंको वादक पाको दे लुसियामुळे जगभर गेलेलं कोंडे हे नाव ते हेच. तेव्हा लेबल अस्सल असलं तरी उत्तर ‘कोंडे बंधूंपैकी कोणीतरी’ इथवरच जाईल. दुकानाच्या नावाखाली काम जायचं, त्यात कुणाला गैर वाटत नसे.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे विख्यात शास्त्रीय गिटारवादक सेगोवियाला तरुणपणी मिळालेली १९१२ची गिटार. ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. लेबल माद्रिदच्या मानुएल रामिरेस या गिटार कारागिराचं, पण हात त्याच्या कारागिराचा, सांतोस एर्नांदेसचा, असं जाणकार मानतात. एस्तेसोही त्याच कार्यशाळेतून बाहेर पडला. सांतोस १९४३ साली गेला, तेव्हा त्याच्याही विधवेने दुकान चालवलं आणि तिथे मार्सेलो बार्बेरोने काम केलं. साठच्या दशकात त्याच रामिरेस घराण्यातल्या होसे रामिरेस तिसऱ्याकडे तर कारागिरांची फौजच होती. त्यांतल्या काही गिटारींत आत, दांडीच्या बुडाशी, कारागिराची आद्याक्षरं ठोकलेली सापडतात. पाउलिनो बेर्नाबे आणि मानुएल कोंत्रेरास तिथलेच. पुढे दोघांनी आपापली दुकानं काढली.

आता तुमच्या वाद्याकडे. लेबल हा गिटारीचा सगळ्यात सहज बदलता येणारा भाग. त्याच्याकडे शेवटी बघायचं. मोबाइल भोकातून आत सरकवा (तारा पूर्ण सैल करून, आणि कृपया कव्हर काढून) आणि एवढे फोटो टाका: तबलीखालच्या पट्ट्या, तबली जिथे बाजूंना चिकटते तो कोपरा, दांडीचं आतलं बूड, आणि लेबलच्या कडा. वरच्या डोक्याची बाह्यरेषा कागदावर पेन्सिलने उतरवा. प्रत्येक घराण्याचा साचा ठरलेला असतो, अस्सल नमुन्यांच्या फोटोशी ताडून बघता येईल.

नोटा तपासायची जांभळी बॅटरी असेल तर अंधारात पॉलिशवर मारा. लाखेचं पॉलिश नारिंगी चमकतं. स्पिरिटचा बोळा लावून मात्र बघू नका, लाख त्यात विरघळते. असे पुसलेले ठिपके मी नेहमी बघतो आणि दर वेळी चिडतो.

तंतकार_मिरज

फक्त एक भर. आमच्या मिरजेतही तंबोऱ्यावर नाव दुकानाचं, भोपळा कापणारा एक, नक्षीवाला दुसरा, जवारी लावणारा तिसरा. ‘कोणी बनवला’ विचारलं तर आम्ही उलट विचारतो, “कुठला भाग?”

मामाची_गिटार

सगळ्यांचे आभार. फोटो टाकलेत. दिसलं ते असं: तबलीच्या कडेला लाकडाचे छोटे छोटे सुटे ठोकळे ओळीने चिकटवलेत, काही किंचित वाकडे. दांडी आणि आतलं बूड एकाच लाकडाचं वाटतं. आद्याक्षरं काही नाहीत. बॅटरीखाली नारिंगी, पण मागच्या पाठीवर एक मोठा पट्टा फिकट निळसर.

आणि लेबलच्या उजवीकडे आणि खाली लाकडाची फिकी पट्टी दिसते, आयताकृती. जणू आधी तिथे मोठा कागद होता.

लावापिएसकर

ती फिकी पट्टी हीच खरी बातमी. सायप्रस वर्षानुवर्षं काळवंडत जातं, कागदाखालचं तेवढं फिकं राहतं. तिथे आधी मोठं लेबल होतं आणि ते कुणीतरी काढलं. सध्याचा कागद कदाचित खरा जुनाही असेल. पण मग तो दुसऱ्याच गिटारीतून आलाय.

मित्राला मात्र सांगा की गिटार खोटी नाही. ते सुटे ठोकळे एकेक करून सरसाने बसवतात. दांडी आधी तबलीला जोडून बाजू तिच्यात खोचायच्या, ही अस्सल स्पॅनिश पद्धत. स्वस्त कारखानी गिटारीत ठोकळ्यांच्या जागी बहुतेकदा करवतीने चिरे दिलेली एकच लांब पट्टी असते. पाठीवरचा निळसर भाग म्हणजे नंतर कुणीतरी दुसरं वार्निश मारलंय.

डोक्याची बाह्यरेषा मी एस्तेसो-कोंडे नमुन्यांशी लावून बघितली. खांदे जुळत नाहीत, टोक तर अजिबात नाही. हे डोकं ग्राविनाचं नाही. मग कुणाचं? तबलीखालच्या पाच पट्ट्या आणि ही रचना दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाच्याही एखाद्या कार्यशाळेत बसेल, माद्रिदच्या लहान कारागिराकडेही बसेल. एवढ्यावरून मी नाव घेणार नाही, आणि जो घेईल त्याला त्याच डोक्याची, अस्सल लेबल असलेली दुसरी गिटार दाखवायला सांगा.

साल हवं असेल तर तबलीच्या स्प्रूसची वर्षवलयं मोजणारे तज्ज्ञ आहेत. पण त्यातून ‘अमुक सालाच्या आधीची नाही’ एवढंच निघतं. लाकूड कारागिराकडे किती वर्षं पडून होतं, ते वलयं सांगत नाहीत.

मामाची_गिटार

म्हणजे मामीला सांगतो, “स्पेनच्या चांगल्या कारागिराची, नाव कुणीतरी पुसलेलं.” ती म्हणेल, “मग मामा फसले का?” 😀 आणि हे लेबल काढून टाकू का?

लावापिएसकर

फसले कसले! सायप्रसची, हाताने बांधलेली, खुंट्यांची गिटार आहे. सत्तरच्या दशकात खलाशाला एस्तेसोच्या भावात कोणी विकली असेल असं वाटत नाही. किती दिले ते मामींना विचारा, त्यावरूनही थोडं कळेल.

लेबल काढू नका. खोटं असलं तरी तो वाद्याचा इतिहास आहे. जुन्या लेबलचा एखादा तुकडा किंवा शाईचा डाग खाली उरलेला असू शकतो, तो घाईत जाईल. कधी माद्रिदला आलात तर आपण दोघं मिळून सावकाश बघू. गिटार देशाबाहेर नेताना सायप्रसला परवान्याची कटकट नाही. ब्राझिलियन शिसवाची असती तर १९९२पासून आंतरराष्ट्रीय नियमांत अडकली असती.

आणि वाजवायला घ्याल तेव्हा लो टेन्शन (कमी ताणाच्या) नायलॉनच्याच तारा लावा. कॅम्पफायरवाल्या स्टीलच्या लावल्यात तर घोडी तबलीसकट उपटून येईल.