डायनोवर १५० पीएसची स्लाव्हिया १२४ दाखवते, इंजिन कमजोर समजायचं का?

राजेहो, जाणकारांनी जरा सांगा.

गाडी स्कोडा स्लाव्हिया १.५ टीएसआय, मॅन्युअल, पूर्ण स्टॉक (काहीही बदल न केलेली). कंपनीचा आकडा १५० पीएस पॉवर आणि २५० एनएम टॉर्क. मी दिग्रसजवळच्या खेड्यात राहतो, इकडे डायनो (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र) कुठला! मे महिन्यात पुण्याला बहिणीकडे गेलो, तेव्हा हौसेपोटी एका ट्यूनरकडे गाडी रोलरवर चढवली. (बाबा म्हणाले, एवढ्या पैशात पऱ्हाटीवर एक फवारा झाला असता.)

पुल (म्हणजे फुल अॅक्सिलरेटर देऊन मोजणीची फेरी) चौथ्या गिअरमध्ये घेतले. पहिल्याला चाकांवर १२४ पीएस, २१२ एनएम. शेवटच्याला ११७ पीएसवर आली. टॉर्कची रेघ खाली सपाट आहे, पण ४८०० आरपीएमच्या पुढे पॉवरची रेघ दातेरी होते. शेडमध्ये चाळिशीचं ऊन आणि समोर आपल्या डेझर्ट कूलरला असतो तेवढाच पंखा. शीटच्या कोपऱ्यात 'अनकरेक्टेड' (हवामानाचा हिशेब न लावलेला आकडा) लिहिलंय. ट्यूनर म्हणतो, इंजिन डल आहे, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) मारून टाका.

समृद्धीवर कारंज्याहून चढलो की गाडी १२० ला आरामात चालते, ओव्हरटेकला कुठे कमी पडत नाही. मग गेले कुठे २६ पीएस?

प्रतिसाद :
कुठेही गेले नाहीत भाऊ. कंपनी क्रँकवरची (थेट इंजिनवरची) पॉवर सांगते, रोलर चाकांवरची मोजतो. गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर मिळून फ्रंट व्हील ड्राइव्हला साधारण १५ टक्के जातात. तुमचा टॉर्क बरोबर १५ टक्क्यांनीच कमी आहे, म्हणजे इंजिन ठणठणीत.

वरची पॉवर त्याहून थोडी जास्त पडली, ती उन्हानं. हवा तापली की पातळ होते. त्यात नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) नको म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, तेच ते दाते. पुलगणिक आकडा घसरला याचा अर्थ इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या भागाला) थंड व्हायला सवडच मिळाली नाही. एसएई जे१३४९ या मानकाप्रमाणे करेक्शन (हवामानाचा हिशेब) २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरड्या हवेचं धरतात. पुणं साडेपाचशे मीटरवर, तिथे दाब मुळात कमी. मात्र टर्बो गाडीत हे करेक्शन लावून फुगलेला आकडा मिळू शकतो, कारण उंचीची बरीच भरपाई टर्बो स्वतःच करतो. त्यामुळे शीटपेक्षा ओबीडी लॉग (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टमधून मिळणारी नोंद) बघा : इनटेक तापमान आणि इग्निशन रिटार्ड. आणि एअर फिल्टर कधी पाहिला होता?

धागाकर्ता :
तुमचं वाचून आत्ताच उघडला. दिवाळीपासून हातच लावला नव्हता. सोयाबीनचं कुटार आणि वर कापसाच्या तंतूंचा पातळ थर! आमच्या रस्त्यावर जिनिंग आहे, हंगामभर कापसाच्या गाड्यांच्या मागेच चालावं लागतं.

प्रतिसाद :
नवा टाका, फुंकून चालवू नका. पण एवढ्यानं २६ पीएस येतील असं धरू नका. डिसेंबरात तोच डायनो, तोच गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून परत मोजा. मागची चाकं उभी असतात, म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायला सांगा. आणि रीमॅप केलाच तर वॉरंटीचा विचार आधी करा.

धागाकर्ता :
रीमॅप तूर्त रद्द. दोन पुलांच्या मधे गाडी किती वेळ थंड होऊ द्यायची, तेवढं सांगून ठेवा. तिथे घाई फार करतात.

प्रतिसाद :
घड्याळ बघू नका. पहिला पुल सुरू करताना इनटेकचं तापमान जेवढं होतं, तेवढ्यावर परत येईपर्यंत थांबा.