मदत हवी आहे: उन्हाळ्यात फिल्टरवरून निसटणारे नायट्रेट कसे मोजावे?

नमस्कार. चंद्रपूरच्या हवेतील पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान) कणांचे रासायनिक पृथक्करण मी प्रबंधासाठी करत आहे. वजन व धातूंसाठी टेफ्लॉनचा फिल्टर, कार्बनसाठी आधी भट्टीत तापवलेला क्वार्ट्झचा फिल्टर आणि सल्फेट, नायट्रेट अशा आयनांसाठी (विद्युतभारित घटकांसाठी) ते वेगळे करून मोजणारी आयन क्रोमॅटोग्राफी अशी पद्धत आहे. सल्फेट टिकते, अडचण नायट्रेटची आहे. अमोनियम नायट्रेट उष्णतेने विघटित होऊन वायुरूपात निसटते, आणि आमच्याकडचा मे महिना पाहता २४ तास यंत्रात राहिलेल्या फिल्टरवर त्यातले फारसे काही उरत नसावे, अशी मला दाट शंका आहे.

नुसत्या वजनावरून २४ तासांची ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा ओलांडली एवढेच कळते. कण कोळशाच्या धुराचे, वाहनांचे की रस्त्यावरच्या धुळीचे, हे घटकांवरूनच ठरते. नायट्रेट कमी नोंदले गेले, तर नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या स्रोतांचा वाटा कमी धरला जाईल आणि उपाययोजना भलतीकडेच वळेल.

डिन्यूडर (हवेतले आम्लवायू फिल्टरआधीच शोषून घेणारी लेप दिलेली नळी) आणि त्यामागे, निसटलेले नायट्रेट पकडणारा नायलॉनचा फिल्टर अशी जोडणी विदर्भाच्या उन्हाळ्यात कोणी वापरली आहे का? डिन्यूडरवरचा सोडियम कार्बोनेटचा लेप किती दिवसांनी बदलावा लागला? तसेच, नमुने प्रयोगशाळेपर्यंत थंड ठेवून नेण्याची आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.