सल्लागाराला एअरड्रॉपमधून वगळलं, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. मी शाहूपुरी, कोल्हापूरचा. एका क्रिप्टो स्टार्टअपला अगदी सुरुवातीपासून सल्ला दिला. व्हाइटपेपरमधला (प्रकल्पाच्या माहितीपत्रातला) टोकन-वाटपाचा, म्हणजे त्यांची डिजिटल नाणी कुणाला किती द्यायची याचा, तक्ता माझ्याच हातचा आहे. मोबदला म्हणून एकूण टोकनांपैकी अर्धा टक्का, हप्त्याहप्त्यानं, असा सहीचा करार आहे.

आता त्यांनी नवं टोकन काढून जुन्या टोकनच्या धारकांना एअरड्रॉप दिला, म्हणजे ते फुकट वाटलं. स्नॅपशॉटच्या वेळी (कुणाकडे किती टोकनं आहेत याची नोंद घेतली तेव्हा) माझी टोकनं कंपनीच्याच लॉक केलेल्या वॉलेटमध्ये (टोकन ठेवायच्या डिजिटल खात्यात) होती, म्हणून माझ्या वॉलेटच्या पत्त्यावर शून्य! संस्थापक म्हणतो, ‘तुमचा करार जुन्या टोकनचा, नव्याशी संबंध नाही.’ जुन्याला आता बाजारात काळं कुत्रं विचारत नाही. हा सरळसरळ अन्याय आहे.

वाद सिंगापूरच्या लवादाकडे न्यायचा, असं करारात कलम आहे. तो खर्च मला झेपणारा नाही. आधी इथल्या वकिलाकडून नोटीस धाडावी का? १९९६ च्या लवाद कायद्यातल्या कलम ९ खाली उच्च न्यायालयाकडे अंतरिम मनाई मागता येते. असा अर्ज आपल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे कुणी चालवलाय का? टेलिग्रामवरचे मेसेज पुरावा म्हणून कसे जपावेत, हेही सांगा. संस्थापकानं ग्रुपमधले जुने मेसेज पुसायला सुरुवात केली आहे.