न्यूपोर्टच्या जुन्या सबस्टेशनचे दालन एवढे उंच का?

प्रश्न :
मेलबर्नमध्ये वेरिबी मार्गाच्या गाडीने कामाला जाता-येता न्यूपोर्ट स्थानकाजवळ लाल विटांची एक जुनी इमारत दिसते. १९१५ मध्ये रेल्वेचे सबस्टेशन म्हणून ती बांधली गेली आणि १९६७ मध्ये सबस्टेशन बंद झाले. पुढे कित्येक वर्षे ओस पडलेल्या या वास्तूत २००८ पासून कलाकेंद्र आहे. गेल्या शनिवारी तिथे प्रदर्शन पाहताना सारखी मान वर जात होती. सबस्टेशन म्हणजे कुंपणाआडचे, खडी पसरलेले आवार, एवढेच मला ठाऊक. मग हे दालन कशासाठी?

प्रतिसाद १ :
ते यंत्रांसाठी होते. वीजकेंद्रातून २५ हर्ट्झची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, वीज येई आणि गाड्यांना १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, लागे. हे रूपांतर रोटरी कन्व्हर्टर हे फिरते यंत्र करत असे. त्याच्या कम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या जोडून केलेल्या नळकांड्यावर, कार्बनचे ब्रश अखंड घासत राहत. काळी भुकटी झडे, ठिणग्या वाढल्या की पट्ट्या काळवंडत, त्यामुळे जवळ जाणता माणूस लागेच. अशी जड यंत्रे दुरुस्तीसाठी उचलायची तर वर क्रेन हवी, खाली भक्कम पाया हवा आणि उष्णता निघून जायला उंचीही हवी. एसीची डीसी करणाऱ्या सिलिकॉन रेक्टिफायरमध्ये फिरणारा भागच नसल्याने पुढे अशा दालनांची गरज संपली.

प्रतिसाद २ :
मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विद्युत गाडीही १५०० व्होल्ट डीसीवरच चालली. माझे वडील तिथल्या एका उपकेंद्रात, म्हणजे सबस्टेशनमध्ये, होते. ते सांगत, गाडी फलाट सोडून वेग घेऊ लागली की प्रवाह मोजणाऱ्या अँपिअरमीटरचा काटा झपकन चढायचा. गाडी सुटली हे खिडकीतून पाहावे लागत नसे. व्होल्टेज कमी म्हणून प्रवाह प्रचंड, त्यामुळे लांबच्या तारेत व्होल्टेज घटे, आणि म्हणूनच डीसीची उपकेंद्रे जवळजवळ उभारावी लागत. हार्बर मार्ग २०१६ मध्ये २५,००० व्होल्ट एसीवर गेला. मेलबर्नच्या गाड्या मात्र आजही १५०० वरच धावतात. न्यूपोर्टची वास्तू वाचली याचा मला मनापासून आनंद आहे, पण यंत्राविना ती अर्धीच वाटते. मुंबईत निदान एक जुना रेक्टिफायर, त्याच्या मीटरफळीसकट, जागच्या जागी राखायला हवा.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. पुढच्या वेळी चित्रांआधी क्रेनच्या रुळांच्या खुणा शोधीन.